मी न फोडलेल्या भिंतीची नोटीस: आमच्या सोसायटीला खुलं पत्र

सन्माननीय अध्यक्ष, सचिव, खजिनदार, व्यवस्थापक समितीचे सदस्य आणि सर्व सभासद बंधुभगिनी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी बी विंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहते. एप्रिल २०२३ मध्ये आम्ही हा फ्लॅट रीसेलमध्ये घेतला. मी, माझे पती, शाळेत जाणारी मुलगी आणि सासूबाई असे आम्ही चौघं. २०२४ च्या जूनमध्ये, पहिल्याच आठवड्यात, वॉचमननं सोसायटीच्या शिक्क्याचं पाकीट दारात आणून दिलं. सासूबाईंनी ते घेतलं, चष्मा लावून वाचलं. पहिलंच वाक्य होतं, "आपण आपल्या सदनिकेत केलेल्या अनधिकृत बदलांबाबत." संध्याकाळी मी कामावरून आले तेव्हा त्या पाकीट हातात धरून बसल्या होत्या. "आपण काय केलं गं?" एवढंच त्यांनी विचारलं.

त्यांना मी जे सांगितलं तेच तुम्हा सगळ्यांना सांगायचं आहे. समितीला मी दोन पत्रं दिली. दोन्हींवर पोचेचा शिक्का आहे, उत्तर एकाचंही आलेलं नाही. म्हणून आता उघडपणे लिहिते आहे. सोसायटीचं किंवा कोणा व्यक्तीचं नाव मी घातलेलं नाही, कारण मला कोणाची बदनामी करायची नाही. आणि रीसेलमध्ये घर घेऊन असल्या पाकिटाची वाट न पाहता राहणारी कुटुंबं मुंबईतल्या बहुतेक प्रत्येक सोसायटीत आहेत. त्यांच्याही समित्यांनी हे वाचावं असं मला वाटतं.

आधी घराबद्दल. आमची इमारत २००५ साली पूर्ण झाली. त्या काळातल्या मुंबईतल्या इमारतींप्रमाणे प्रत्येक फ्लॅटला हॉल आणि बेडरूमच्या खिडकीबाहेर फ्लॉवर बेड (झाडं लावायला बाहेर काढलेला खोलगट स्लॅब) आहेत. म्हणजे मंजूर नकाशात तरी आहेत. तेव्हाच्या विकास नियंत्रण नियमावलीत फ्लॉवर बेड चटईक्षेत्रात (एफएसआयमध्ये, म्हणजे परवानगी असलेल्या बांधकामाच्या मोजमापात) धरले जात नव्हते. त्यामुळे बिल्डर ते ऐसपैस काढायचे, आणि ताबा मिळाल्यावर खिडकीखालची भिंत पाडून ती जागा खोलीत घ्यायची हे घेणाऱ्यालाही तोंडी सांगितलेलं असायचं. ६ जानेवारी २०१२ रोजी नियमावलीत बदल झाला आणि फ्लॉवर बेड, बाल्कन्या वगैरे सगळं चटईक्षेत्रात मोजलं जाऊ लागलं. नवीन इमारतींतली ही पळवाट तेव्हा बंद झाली. जुन्या इमारतींतल्या पाडलेल्या भिंती मात्र तशाच राहिल्या, आणि दर विक्रीबरोबर एका कुटुंबाकडून दुसऱ्या कुटुंबाकडे जात राहिल्या.

आमच्या फ्लॅटच्या आधीच्या मालकांनी हेच केलं होतं. दोन्ही खिडक्यांखालची भिंत काढली. फ्लॉवर बेडचा खोलगट भाग विटांच्या तुकड्यांनी भरून खोलीच्या पातळीला आणला, वर टाइल्स बसवल्या, स्लायडिंग खिडकी थेट बाहेरच्या कडेला नेली. फ्लॉवर बेडमधलं पाणी बाहेर काढणारी पन्हळ बुजवून टाकली. आम्ही घर पाहायला गेलो तेव्हा हॉल छान मोठा दिसला. खिडकीशी बसायला कट्टा होता, त्यावर गादी होती. मुलीनं तिथेच बसून तिचा अभ्यासाचा कोपरा ठरवून टाकला. मंजूर नकाशा मी तेव्हा पाहिला नाही. बँकेच्या वकिलांनी टायटल पाहिलं, व्हॅल्युअरनं क्षेत्रफळ मोजलं, एजंटनं चहा पाजला, आणि या तिघांपैकी कोणीही खिडकीकडे बोट दाखवलं नाही. नकाशा मागून घेऊन मी तो स्वतः ताडून पाहायला हवा होता, हे मला मान्य आहे.

आता खालच्या मजल्यावरच्या काकांबद्दल, कारण या सगळ्या प्रकरणात खरा त्रास त्यांना झाला आहे. बुजवलेल्या पन्हळीमुळे पावसाचं पाणी खिडकीच्या ट्रॅकमधून भरावात मुरतं आणि त्यांच्या बेडरूमच्या छताच्या कडेनं उतरतं. त्यांच्या पलंगाच्या डोक्याशी प्लास्टरचा परातीएवढा तुकडा सुटून सळ्या दिसायला लागल्या आहेत. नोटीस येण्याआधी मला हे ठाऊकच नव्हतं. पाकीट आलं त्याच रात्री मी आणि माझे पती खाली गेलो. काकूंनी पलंग भिंतीपासून चार फूट सरकवून ठेवलेला होता. मी काकांना विचारलं की तुम्ही मला कधीच का बोलला नाहीत? ते म्हणाले, "अगं, तू यायच्या कितीतरी आधीपासून गळतंय हे. तुला काय म्हणून बोलू?" मी दोन वेळा समितीला लेखी दिलं होतं, असंही ते म्हणाले. एकदा २०१४ मध्ये, एकदा २०१९ मध्ये.

त्याच आठवड्यात मी ट्रॅकचे सांधे बंद करून घेतले आणि एका स्ट्रक्चरल इंजिनिअरना घर दाखवलं. खिडकीखालची भिंत विटांची होती, बीम-कॉलमला धक्का लागलेला नाही, असं त्यांनी सांगितलं. पण बाहेर अधांतरी आलेल्या त्या स्लॅबवर भरावाचं आणि टाइल्सचं जादा वजन पडलं आहे आणि पाणी मुरून सळ्या गंजायला लागल्या आहेत. भराव काढायचा, सळ्या साफ करून दुरुस्त करायच्या, वॉटरप्रूफिंग करायचं, पन्हळ मोकळी करायची आणि खिडकी मूळ जागी आत आणायची. दोन्ही खोल्यांचा मिळून खर्च त्यांनी १,४०,००० रुपये सांगितला. तो मी करणार आहे. काकांचं छतही माझ्याच खर्चानं होईल. पावसाच्या पाण्यानं बाहेरून होणारी गळती उपविधींनुसार (सोसायटीच्या कारभाराच्या नियमांनुसार) सोसायटीच्या खर्चात बसते, असं मला काही जणांनी सुचवलं. पण इथे पाणी बदललेल्या खिडकीमुळे शिरतं आहे आणि ती खिडकी आज माझ्या घराला आहे. त्या कलमामागे मी उभी राहणार नाही.

कायद्याच्या अंगानंही मला हे समजतं. महानगरपालिकेनं उद्या १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाखाली किंवा १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली नोटीस काढली, तर ती आज जो मालक आहे त्याच्या दारावर लागेल. भिंत कोणी पाडली हे त्यांना सांगून बांधकाम अधिकृत होत नाही. म्हणून दुरुस्तीची जबाबदारी मी पहिल्या दिवसापासून घेतली आहे आणि तसं दोन्ही पत्रांत लिहूनही दिलं आहे.

पण तुमच्या नोटिशीत दुरुस्ती ही शेवटची ओळ आहे. त्याआधी दीड पान पैशांचं आहे. एप्रिल २०१९ ते मे २०२४, दरमहा २,००० रुपये दंड, ६२ महिन्यांचे १,२४,०००. शिवाय आधीच्या मालकांनी तीन वर्षं फ्लॅट भाड्यानं दिला होता त्याचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, दरमहा १,५०० प्रमाणे ५४,०००. एकूण १,७८,००० रुपये, ते पंधरा दिवसांत, नाहीतर वसुलीचा दाखला मिळवण्यासाठी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जाऊ.

या ६२ महिन्यांपैकी ४८ महिने मी या इमारतीत राहत नव्हते. सोसायटीचं गेट कोणत्या रस्त्यावर आहे हेही मला तेव्हा माहीत नव्हतं.

दंडाबद्दल उपविधी काय सांगतात ते मी सोसायटीच्या ऑफिसातल्याच प्रतीत वाचलं. उपविधीचा भंग करणाऱ्या सभासदाला आधी कारणे दाखवा नोटीस द्यायची. भंग चालूच राहिला तर विषय सर्वसाधारण सभेपुढे न्यायचा. सभेत त्या सभासदाचं म्हणणं ऐकून घ्यायचं आणि दोषी ठरला तरच सभेनं दंड लावायचा. आणि तो दंड एका आर्थिक वर्षात ५,००० रुपयांच्या वर जाता कामा नये. ही सगळी पायरीपायरीची पद्धत त्या काळात आधीच्या मालकांच्या बाबतीत पाळली गेली असती, तरी सहा आर्थिक वर्षांचे मिळून तीस हजारांच्या पलीकडे आकडा गेला नसता. पण एकही पायरी चढलेली मला इतिवृत्तांत सापडली नाही. दरमहा २,००० चा ठराव कुठल्या सभेत झाला ते मी दोन्ही पत्रांत विचारलं आहे.

नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसचंही तसंच. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानं हे शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर बांधलेलं आहे, महापालिकेचे कर त्यातून वगळून. आपल्याकडे बिलात सेवा शुल्क २,४०० रुपये लावतात. म्हणजे महिना २४० रुपये झाले, तीन वर्षांचे ८,६४०. हे पैसे मुळात माझे देणं नाहीत हा मुद्दा बाजूला ठेवला तरी आकडा सहा पटींनी चुकला आहे. आज ज्यांनी फ्लॅट भाड्यानं दिले आहेत त्या सभासदांनीही आपापली बिलं काढून पाहावीत.

आता मुख्य गोष्ट, आणि ती लिहिताना मला अजून त्रास होतो.

मार्च २०२३ मध्ये, बँकेला हवी म्हणून आम्ही सोसायटीकडे एनओसी मागितली. सदनिकेच्या हस्तांतरणासाठी सोसायटीची एनओसी लागतच नाही, हे उपविधींत स्पष्ट लिहिलेलं आहे; पण देणाऱ्यानं किंवा घेणाऱ्यानं मागितली तर समितीनं महिन्याभरात अर्जाचा विचार करायचा असतो. तुम्ही आठ दिवसांत दिलीत, त्याबद्दल मी तेव्हा आभारही मानले होते. ते पत्र माझ्यासमोर आहे. त्यावर लिहिलं आहे की या सदनिकेवर सोसायटीचं कोणतंही येणं बाकी नाही आणि हस्तांतरणास सोसायटीची हरकत नाही. खाली सचिवांची सही आहे, अध्यक्षांची सही आहे. मग आम्ही हस्तांतरण शुल्क ५०० रुपये भरलं, प्रवेश शुल्क १०० भरलं, आणि ९ ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकानं ठरवलेली कमाल रक्कम, २५,००० रुपये हस्तांतरणाचा प्रीमियम, चेकनं भरला. जुलैत शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला माझं आणि माझ्या पतींचं नाव लागलं. त्या दिवशी समितीतल्या तिघांनी घरी येऊन पेढे खाल्ले. तिघंही खिडकीशेजारच्या त्याच कट्ट्यावर बसले होते.

आणि आता इतिवृत्त. सभासद म्हणून मी ते पाहायला मागितलं. ऑक्टोबर २०१४ च्या समिती सभेच्या नोंदीत माझ्या फ्लॅटचा नंबर आहे. "फ्लॉवर बेड आत घेतल्याने खालील सदनिकेत गळती, सदर सभासदास पत्र द्यावे." पत्राची प्रतही फायलीत आहे. २०१९ मध्ये काकांच्या दुसऱ्या तक्रारीवर पुन्हा नोंद आहे, "विषय पुढील सभेत घ्यावा." त्यानंतर काही नाही.

म्हणजे भिंत पाडलेली आहे हे सोसायटीला साडेआठ वर्षं माहीत होतं. काकांचं छत गळतं आहे हे माहीत होतं. विकणाऱ्याला माहीत होतं. व्यवहारात सामील असलेल्या सगळ्यांमध्ये फक्त आम्हालाच, पैसे भरणाऱ्यांना, ते माहीत नव्हतं. सोसायटीची देणी भागल्याशिवाय हस्तांतरण मंजूर न करण्याचा अधिकार कायद्यानं तुमच्या हातात दिला होता. तो वापरायचा क्षण मार्च २०२३ हा होता. विकणारे तेव्हा इथेच राहत होते, त्यांच्या हातात आमचे पैसे अजून पडायचे होते. "हे आधी पूर्ववत करा, नाहीतर खर्च किमतीतून वळता करा," असं आम्ही म्हणू शकलो असतो. आज ते दुसऱ्या शहरात आहेत आणि माझा फोन घेत नाहीत.

हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. सोसायटीचं काम बिनपगारी असतं. नोकरी सांभाळून, रात्री नऊनंतर, पाण्याचा टँकर आणि लिफ्टचा ठेकेदार यांच्याशी भांडून तुम्ही ते करता, हे मी पाहते. दर काही वर्षांनी समिती बदलते, फाईल कपाटात राहते, माणसं विसरतात. पण तुमच्या विसरण्याची किंमत माझ्या नावावर लिहू नका. आणि विसरलात हे एकदा कबूल केलंत तर निम्मं भांडण तिथेच मिटेल.

नोटिशीचं निमित्त या वर्षीचं स्ट्रक्चरल ऑडिट आहे. पंधरा वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट करून घ्यायचंच असतं, ते केलंत हे उत्तमच झालं. तो अहवाल मी पूर्ण वाचला. आपल्या २८ फ्लॅटपैकी १९ फ्लॅटमध्ये फ्लॉवर बेड आत घेतलेले आहेत. नोटीस गेली आहे तिघांना, आणि आम्ही तिघंही गेल्या पाच वर्षांत रीसेलमध्ये आलेले आहोत. उरलेले सोळा फ्लॅट पहिल्यापासूनच्या सभासदांचे आहेत. यातला एकेक माणूस मला जवळचा आहे. माझ्या मुलीला ताप आला तेव्हा रात्री गाडी काढणाऱ्या वहिनींचा फ्लॅटही त्यात आहे. त्यांना नोटीस जावी म्हणून मी हे लिहीत नाही. पण अधांतरी स्लॅबवरचं वजन जुना सभासद आणि नवा सभासद असा फरक करत नाही, आणि खालून जाणाऱ्या मुलांच्या डोक्यावर प्लास्टर पडायचं असेल तर ते सोळांपैकी कुठूनही पडू शकतं. हा १९ घरांचा एकच प्रश्न आहे. तो तिघांच्या दंडानं सुटणार नाही.

नोटिशीत आणखी दोन गोष्टी होत्या, त्या पटकन सांगते. दाराबाहेर पॅसेजमध्ये आधीच्या मालकांनी लोखंडी जाळीचा दरवाजा लावून चपलांचं कपाट आत घेतलं होतं. आगीच्या वेळी तो सगळ्यांचा वाटेतला अडथळा होता. नोटीस आल्यावर दोन दिवसांत आम्ही तो काढला, भिंतीतली भोकं बुजवून रंगही दिला. दुसरी गोष्ट पार्किंगची. विकणाऱ्यांनी स्टिल्टमधली (इमारतीखाली खांबांमध्ये मोकळी सोडलेली) जागा तीन लाखांना आमच्या व्यवहारात धरली होती. सर्वोच्च न्यायालयानं ३१ ऑगस्ट २०१० च्या निकालात स्टिल्टमधली पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही असं सांगितलं, आणि उपविधींनुसार सभासदालाही मिळालेली जागा दुसऱ्याला विकता किंवा देता येत नाही. ते वाचल्यावर आम्ही गाडी बाहेर रस्त्यावर लावायला लागलो आणि रांगेत नंबर लावला. तीन लाख गेले. त्याबद्दल समितीकडे माझी काहीही मागणी नाही, जागेवर सोसायटीचाच हक्क आहे. मात्र तोही कागद आमच्या एनओसीबरोबर आला असता तर बरं झालं असतं.

माझी नणंद अमेरिकेत टेक्सासमध्ये राहते. तिनं दोन वर्षांपूर्वी जुनं घर घेतलं, तिथेही आपल्या सोसायटीसारखी घरमालकांची संघटना आहे. कुंपणाचा रंग काय असावा इथपर्यंत त्यांचे नियम असतात, आणि दंडाच्या बाबतीत त्या संघटना आपल्यापेक्षा कितीतरी कडक वागतात. तिला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "वहिनी, तुम्हाला रीसेल सर्टिफिकेट दिलं नव्हतं का?" तिथल्या कायद्यानुसार विक्रीच्या वेळी मागितल्यास संघटनेला एक दाखला द्यावा लागतो. त्यात थकबाकी तर असतेच, पण त्या घरात नियम मोडून केलेलं जे काही संघटनेच्या मंडळाला प्रत्यक्ष माहीत आहे तेही लिहावं लागतं. तिच्या दाखल्यात परवानगीशिवाय बांधलेली मागची शेड लिहिलेली होती. विकणाऱ्यानं ती पाडून दिली, मग सह्या झाल्या. कॅलिफोर्नियातही न मिटलेल्या नियमभंगाच्या नोटिशीची प्रत घेणाऱ्याच्या हातात पडावी असा कायदा आहे. आपल्याकडे असा स्वतंत्र दाखला उपविधींत नाही. पण असा दाखला देऊ नका असंही कुठे लिहिलेलं नाही. सर्वसाधारण सभेनं एक ठराव केला की आपल्या सोसायटीपुरती ती पद्धत उद्यापासून सुरू होते.

तो ठराव मी वार्षिक सभेपुढे मांडते आहे. कोणी फ्लॅट विकायला काढला आणि हस्तांतरणाची सूचना किंवा एनओसीचा अर्ज ऑफिसात आला, की सचिवांनी समितीतल्या आणखी एका सदस्याला बरोबर घेऊन, आधी कळवून, मंजूर नकाशा हातात धरून तो फ्लॅट पाहायचा. पाऊण तासाचं काम आहे. फ्लॉवर बेड, डक्ट, पॅसेज, ग्रिल, न्हाणीघराची जागा, एवढं पाहायचं. मग एका कागदावर लिहायचं: बाकी किती, कोणते बदल दिसतात, त्याबद्दल आधी कोणाच्या तक्रारी किंवा पत्रं फायलीत आहेत, पार्किंग कोणाच्या नावे आहे आणि ते फ्लॅटबरोबर जाणार नाही. त्या कागदाची एक प्रत विकणाऱ्याला, एक घेणाऱ्याला, आणि दोघांच्या सह्या घेऊन एक फायलीत. जे त्यात लिहिलं आहे ते घेणारा डोळे उघडे ठेवून स्वीकारेल आणि पुढे त्याची जबाबदारी टाळू शकणार नाही. जे सोसायटीला माहीत असून लिहिलं गेलं नाही, त्याचा मागच्या काळातला दंड सोसायटीनं नव्या सभासदाकडे मागायचा नाही. २५,००० रुपये प्रीमियम आपण प्रत्येक व्यवहारात घेतो, त्याच्या मोबदल्यात एवढं करणं जड नाही.

हा कागद जुन्या सभासदांच्याही कामाचा आहे. आज ना उद्या तुम्हीही विकणार आहात, किंवा तुमची मुलं विकतील. घेणारा आता पूर्वीसारखा राहिलेला नाही, तो नकाशा मागतो. आणि पुनर्विकासाचा विषय येईल तेव्हा कोणाचं क्षेत्रफळ किती यावरून जी भांडणं होतात, ती याच पाडलेल्या भिंतींवरून होतात.

फ्लॉवर बेडबद्दल माझी विनंती अशी आहे की तिन्ही नोटिसा स्थगित ठेवा, आणि सोसायटीनं एक इंजिनिअर व एक आर्किटेक्ट नेमून सगळ्या १९ घरांची एकत्र पाहणी करून घ्या. जिथे स्लॅबला धोका आहे तिथे ताबडतोब भराव काढायचा, मग घर कोणाचंही असो. बाकीच्या ठिकाणी काय नियमित करून घेता येतं आणि काय पूर्ववतच करावं लागेल ते आर्किटेक्टनं महापालिकेच्या नियमांप्रमाणे लेखी द्यावं. एकच ठेकेदार लावला तर सगळ्यांनाच स्वस्त पडेल, आणि पावसाळ्यानंतर एका फटक्यात काम होईल. ज्यांना एकरकमी खर्च झेपणार नाही, आपल्याकडे दोन निवृत्त जोडपी तशी आहेत, त्यांना हप्ते बांधून द्या. या कामासाठी धावपळ करणारं कोणी हवं असेल तर माझं नाव लिहून घ्या. शनिवार-रविवार मी मोकळी असते.

माझ्या नोटिशीबद्दल मात्र मला स्वतंत्र लेखी उत्तर हवं आहे. १,७८,००० ची मागणी मागे घेतल्याचं त्यात असावं. आणि "आपण केलेल्या" हे शब्द काढून "आपल्या सदनिकेत पूर्वीपासून असलेल्या" असे शब्द घालून नोटीस दुरुस्त करून द्यावी. पैशांपेक्षाही या दोन शब्दांसाठी मी आग्रही आहे. उद्या हीच नोटीस फायलीतून निघेल, कोणीतरी नवीन सचिव ती वाचेल, आणि भिंत मी पाडली असं धरून चालेल. माझ्या सासूबाई सत्तर वर्षांच्या आहेत. कोणाच्या एका रुपयाला कधी हात न लावता त्यांनी चाळीतल्या दोन खोल्यांत संसार केला आणि मुलाला शिकवलं. जिन्यात भेटणाऱ्या बायकांना त्या आता स्वतःहून सांगत सुटतात की आम्ही काही तोडलेलं नाही हो. त्यांना हे सांगावं लागू नये.

मला उपनिबंधकांकडे किंवा सहकार न्यायालयात जायचं नाही. तिथे वर्षं जातात, आणि तोपर्यंत आपण रोज एकाच लिफ्टमध्ये चढत-उतरत राहणार. पण सभेच्या विषयपत्रिकेत हा ठराव आला नाही तर मला तो रस्ता घ्यावा लागेल, हेही स्पष्ट सांगते.

आमच्या घरापुरतं काम मी सगळ्यांसाठी थांबवलेलं नाही, कारण काकांना आणखी एक पावसाळा तसा काढायला लावणं मला जमणार नाही. येत्या रविवारी सकाळी दहाला हॉलचा भराव काढायला माणसं येणार आहेत, आधी हॉल आणि त्यानंतरच्या आठवड्यात बेडरूम. दोन दिवस आवाज होईल, धूळ होईल, त्याबद्दल आजूबाजूच्या सगळ्यांची आधीच माफी मागते. राडारोडा गोणींत भरून त्याच दिवशी खाली नेला जाईल, तो पॅसेजमध्ये ठेवणार नाही. इंजिनिअर साडेदहाला येणार आहेत. समितीतल्या ज्यांना शक्य असेल त्यांनी त्या वेळी यावं, भराव निघाल्यावर खालचा स्लॅब कसा आहे तो स्वतः पाहावा आणि फोटो काढून घ्यावेत. बाकीच्या अठरा घरांत काय असणार आहे याचा अंदाज त्यावरून येईल. काकाही येणार आहेत.

आपली नम्र,
बी विंग, चौथ्या मजल्यावरील सभासद